पाच मिलिमीटर कमी

माणूस जन्माला येतो तेव्हा परमेश्वर त्याच्या पायांत एक माप घालून ठेवतो. ते माप कुठल्याही फूटपट्टीला सापडत नाही, ते फक्त जाणत्या डोळ्याला दिसतं. अस्मारातले सायकल-मिस्त्री ओक्बाझगी यांचं हे मत होतं, आणि रोज सकाळी कोपऱ्यावरच्या बारमध्ये माकियातो कॉफीचा पहिला घोट घेतला की, कुणी विचारो न विचारो, ते मांडत. दुसऱ्या घोटाला ते वर्तमानपत्र उघडत आणि हात पुरेल तितकं लांब धरून वाचत. हात पुरेनासा झाला की या बातमीत काही दम नाही असं म्हणून घडी घालत.

लोक त्यांना 'आबोय मेत्रो' म्हणत. आबोय ही वयाची पदवी. केस पांढरे झाले की आपोआप मिळते. 'मेत्रो' म्हणजे मीटरपट्टी, ही मात्र त्यांनी स्वतः कमावलेली. चाळीस वर्षांत त्यांच्या दुकानात कुणी मोजायची टेप पाहिली नव्हती. गिऱ्हाइकाला ते दारापासून समोरच्या, पिंपळाएवढ्या जुन्या पामच्या झाडापर्यंत चालायला लावत, डोळे बारीक करत, आणि म्हणत, "सीट दोन बोटं वर. हँडल अर्धं बोट खाली. पाय मी सांगतो तसले."

पाय म्हणजे क्रँक. पेडल ज्याच्या टोकाला बसतं तो धातूचा दांडा. सायकलला चाकं असतात, मान असते, मग पाय का नसावेत, असं म्हणून त्यांनीच तो शब्द चालवला होता आणि आता क्लबातली झाडून सगळी मंडळी क्रँकला पायच म्हणत. नवखा माणूस दुकानाबाहेर उभा राहिला तर आतून "तिचा उजवा पाय काढून रॉकेलमध्ये टाक" असलं काहीतरी ऐकून घाबरायचा.

क्रँक योग्य लांबीचा मिळणं ही चैनीची गोष्ट नव्हे. दांडा फार लांब झाला तर गुडघा छातीला येऊन भिडतो, फार आखूड झाला तर चढावर पाय नुसते गरगरतात. आणि नेफासितहून अस्माराला येणारा चढ ज्यानं एकदा चढलाय त्याच्यापुढे हे सांगत बसायची गरज नाही.

तीन वर्षांपूर्वी अब्रेहेतसाठी नवे क्रँक मागवायचे ठरले. अब्रेहेत प्राथमिक शाळेत कवायत शिकवायची आणि रविवारी सायकल-शर्यतीत उतरायची. मुली बऱ्याच उतरत, ही जिंकायचीही. तिचे जुने क्रँक इतके झिजले होते की पेडल सायकलपेक्षा स्वतःच्या मर्जीनं फिरे. नवे बाहेरूनच यायला हवे होते. तिचा मामा बोलोन्यात आणि मावशी श्टुटगार्टात. दोघंही सुटीला येणार, दोघांच्याही बॅगा आधीच ओसंडून वाहणाऱ्या. म्हणून उजवा मामानं आणायचा आणि डावा मावशीनं, असं ठरलं.

"किती लांबीचा सांगू त्यांना, आबोय?" अब्रेहेतनं फोन हातात धरून विचारलं होतं.

"आकडे कारकुनाला लागतात," ओक्बाझगी म्हणाले. त्यांनी तिला झाडापर्यंत चालायला लावलं, डोळे बारीक केले, घरात गेले आणि बायकोच्या, लेतेकिदानच्या, पांढऱ्या नेत्सेला शालीचा एक धागा ओढून आणला. अंदाज घेऊन त्याचे दोन सारखे तुकडे कापले आणि दोन जाणाऱ्या माणसांच्या खिशात घातले. एक इटलीला गेला, एक जर्मनीला. लेतेकिदानच्या शालीला त्या जागी अजून फट आहे.

क्रँक आले. बसवले. आणि पहिल्याच रविवारी अब्रेहेत खोगिरावर डावी-उजवीकडे हेलकावे खात आली. जिंकणारी पोरगी आठवी. सगळे आबोय मेत्रोंकडे बघायला लागले. त्यांनी डोळे बारीक केले आणि भर बारमध्ये निकाल दिला, "हिचा डावा पाय आखूड आहे. मला पहिल्यापासून संशय होता."

यावर कुणी वाद घातला नाही. वाद घालायचा तर टेप आणावी लागली असती. त्यांनी जुन्या इटालियन खोगिराचं चामडं कापून तिच्या डाव्या बुटाच्या तळाला पट्टी शिवून दिली, आणि वर प्रेमानं म्हणाले, "काळजी करू नकोस पोरी, मी आहे." तेव्हापासून अब्रेहेत त्या पट्टीनं धावायची. पोरं तिला लंगडी म्हणायची. तोंडावर नाही, पण ऐकू जाईल इतक्या अंतरावरून. पुढच्या तीन वर्षांत ती कधी पाचवी आली, कधी नववी. आखूड पायाच्या मानानं फारच छान, असं सगळ्यांचं मत पडलं, आणि त्याचं श्रेय पट्टीला गेलं.

त्या मंगळवारी तिची सायकल दुकानात आली होती ती कुरकुर होते म्हणून. ओक्बाझगींनी दोन्ही क्रँक काढले, पुसले आणि दुकानाचा दरवाजा लोटून घेतला. दरवाजा लोटण्याचं कारण त्यांच्या खिशात होतं. मुलीनं, म्हेरेतनं, परदेशातून चष्मा पाठवला होता. महिना झाला होता. ते तो फक्त बंद दाराआड घालत, जसे काही लोक पितात.

चष्मा घातल्यावर दुकान त्यांना जरा परकंच वाटायचं. भिंतीवर इतकी जळमटं होती हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी डावा क्रँक हातात घेतला, फडक्यानं आतली बाजू पुसली आणि पेडलच्या भोकापाशी कोरलेले बारीक आकडे दिसले. एकशे सत्तर. असे आकडे तिथे असतात हे त्यांनी कोवळ्या वयात पाहिलं होतं आणि मग विसरायची सोय झाली होती. त्यांना मजा वाटली. त्यांनी उजवा पुसला.

एकशे पंचाहत्तर.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. दोन्ही क्रँक पाठीला पाठ लावून धरले. वरची भोकं जुळली, खालची जुळली नाहीत. अर्ध्या सेंटिमीटरचा फरक शेंबड्या पोरालाही दिसला असता. तो तीन वर्षं त्यांच्या डोळ्यांसमोर फिरत होता, मिनिटाला नव्वद वेळा.

सगळं त्यांना तिथल्या तिथे उलगडलं. मामा ट्रक चालवतो. दोरी हातात आली की ती ताणायची हा त्याचा स्वभाव. मावशी म्हाताऱ्यांच्या आश्रमात कामाला. ती कुठलीच गोष्ट ताणत नाही. सुती धागा. एकानं ताणून मोजला, एकीनं सैल सोडून. आणि ओक्बाझगींनी दोन्ही दांडे आले तसे, न बघता, बसवले होते. बघितले असते तरी काय, दिसलेच नसते.

पोरीचा पाय आखूड नव्हता. सायकलचा होता.

ते रिकाम्या खोक्यावर बसले. त्यांच्या कानशिलांवर ऊन आलं, दार बंद असूनही. तेवढ्यात दार वाजलं.

"आबोय? आत आहात ना? मी, अब्रेहेत."

चष्मा खिशात गेला, क्रँक फडक्याखाली. "ये, ये. कुरकुर म्हणजे काही नाही, वाळू होती," ओक्बाझगी म्हणाले. खोटं बोलायची सुरुवात माणूस वाळूपासूनच करतो.

अब्रेहेतच्या हातात कागद होता. ती शाळेतून तडक आली होती, गळ्यात अजून शिटी. "फ्रान्सच्या एका संघानं अर्ज मागवलेत. उन्हाळ्यात सरावाला बोलावणार. क्लबच्या लेखनिकानं शेजारी पेन्सिलीनं आपल्या भाषेत लिहून दिलंय, म्हणून भरता तरी येतोय. नाव झालं, वजन झालं, इथं येऊन अडलेय." तिनं बोट ठेवलं. "'पायांची लांबी, मिलिमीटर.' बघा."

ओक्बाझगींनी कागद हातभर लांब धरला आणि मान हलवली.

"काल घरी टेप लावून मोजलं," अब्रेहेत म्हणाली. "उजवा सातशे नव्वद. डावाही सातशे नव्वदच येतोय. चारदा मोजला. आईला धरायला लावलं, तरी तेच. मला काही नीट उभंच राहता येत नसेल. म्हटलं, कशाला चुकीचं लिहा, आबोयना विचारते. डावा किती कमी?"

आता बोलायचं, असं ओक्बाझगींना आतून कुणीतरी सांगितलं. जीभही उचलली गेली. समोर ती उभी होती, टेप खोटी आणि म्हातारा खरा असं मानणारी. तिच्या चेहऱ्यावर इतका विश्वास होता की तो त्यांना अंगावर धावून आल्यासारखा वाटला.

"पाच," ते म्हणाले.

"नक्की?"

"बरोबर पाच. मिलिमीटर."

"मला वाटलंच, सहाच्या आत असणार." तिनं खोक्यावर कागद ठेवून लिहिलं: सातशे नव्वद, सातशे पंच्याऐंशी. "आज संध्याकाळीच पाठवते. लपवायचं काय त्यात? उद्या तिथं गेल्यावर कळण्यापेक्षा आधीच कळलेलं बरं. ठेवून घेतलं तर घेतलं."

ती गेली. चाळीस वर्षांत आबोय मेत्रोंनी सांगितलेलं ते पहिलं अचूक माप होतं.

घरी लेतेकिदान कॉफी भाजत होती. धूर खोलीभर फिरवून तिनं नवऱ्याच्या नाकाशी आणला तरी त्यानं तो हातानं ओढून घेतला नाही, वास घेतला नाही, काही नाही.

"अबो म्हेरेत," ती म्हणाली. म्हेरेतचा बाप, याच नावानं ती त्यांना हाक मारी. "कुणी मेलं का?"

"नाही."

"मग चेहरा नीट कर. पाहुणे समजतील कॉफी वाईट झाली."

पाहुणे कुणी नव्हते. पहिला पेला ते न बोलता प्यायले. दुसऱ्याला म्हणाले, "लेते, तुझ्या शालीतला तो धागा आठवतो?"

"फट आठवते."

तिसऱ्या पेल्याआधी, तो आशीर्वादाचा म्हणून सोडून उठता येत नाही, त्यांनी सगळं सांगितलं. धागा, आकडे, चष्मा, पाच. लेतेकिदान ऐकताना पंख्यानं निखारे फुलवत होती, ती थांबली.

"चष्मा तुला महिनाभर होता?"

"हो."

"आणि मला सांगितलंस म्हेरेतनं मोजे पाठवलेत."

"ते पण पाठवलेत."

"अब्रेहेतच्या बहिणीचं लग्न झालं मागच्या वर्षी," लेतेकिदान म्हणाली. "सगळा मांडव ग्वायलाच्या फेरात. ढोल घुमतोय, म्हाताऱ्या नाचतायत, मी नाचतेय या गुडघ्यांनी. ती कोपऱ्यात बसून शाली सांभाळत होती सगळ्यांच्या. म्हटलं, ये की गं. तर म्हणाली, आदेय, मला आईच म्हणते ती, माझं चालणंच वाकडं, फेरात दिसेल." तिनं पेला भरला. "मी तेव्हा म्हटलं, बिचारी. आणि वर म्हटलं, बरं झालं आपल्या माणसानं वेळेवर ओळखलं."

ओक्बाझगींनी पेला तोंडाला लावला. आशीर्वादाचा पेला होता, पण घशाखाली उतरताना त्यानं चांगला वेळ घेतला.

"मी गुपचूप बदलून टाकतो क्रँक," ते शेवटी म्हणाले. "पट्टीही काढतो. म्हणतो, व्यायामानं पाय वाढला."

"सव्वीस वर्षांच्या बाईचा?"

"हळूहळू."

लेतेकिदाननं त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी मोजे काढावेत की घालावेत ते त्यांना कळेना.

गुपचूप बदलायचं म्हटलं तरी दुसरा एकशे सत्तरचा उजवा क्रँक हवा. तो अख्ख्या शहरात एकाच माणसाकडे असण्याची शक्यता होती, आणि त्या माणसाच्या दुकानासमोरून जाताना ओक्बाझगी वीस वर्षं रस्ता ओलांडत आले होते. फेस्सेहा. तोही सायकल-मिस्त्री, वयानं पंधरा वर्षांनी लहान, जिबूतीला नऊ वर्षं काम करून आलेला. भिंतीवर तक्ते, खुंटीला ओळंबा, आणि गळ्यात, शिंप्यासारखी, टेप. ओक्बाझगी त्याला 'शिंपी' म्हणत. गिऱ्हाइकंही हसत.

बुधवारी दुपारी ते अब्रेहेतची सायकल ढकलत निघाले. क्रँक नसलेली सायकल ढकलताना माणूस आधीच अर्धा उघडा पडतो. बारमधून कुणीतरी ओरडलं, "आबोय मेत्रो, पाय कुठे गेले?" ते हसले. ते हसणं त्यांना पुढच्या कोपऱ्यापर्यंत तोंडावर तसंच सांभाळावं लागलं.

"या या!" फेस्सेहा उठून उभा राहिला. "आज रस्ता ओलांडायला विसरलात?"

"एकशे सत्तरचा उजवा पाय आहे का तुझ्याकडे?"

"तुम्ही आकडा सांगताय?" फेस्सेहानं हात पुसले. "तब्येत बरी आहे ना, आबोय?"

ओक्बाझगींनी फडकं सोडलं. दोन्ही क्रँक बाकड्यावर ठेवले. फेस्सेहानं उजवा उलटला, वाचला. डावा उलटला, वाचला. मग सायकलकडे बघितलं. ती सायकल सगळ्या शहराला माहीत होती. त्याच्या तोंडावर हसू येईल म्हणून ओक्बाझगी वाट बघत राहिले. हसला असता तर सोपं गेलं असतं. तो हसला नाही.

"तीन वर्षं?" त्यानं विचारलं.

"तीन."

"आणि तिच्या बुटाखाली ते चामडं..."

"माझंच."

फेस्सेहा आत गेला, खुडबूड केली, एक जुनाच पण सरळ क्रँक घेऊन आला. "हा घ्या. बसवूनही देतो. पण तिला तुम्ही सांगायचं. नाहीतर मी सांगेन, आणि मी फार छान सांगतो."

समोरच अब्रेहेतची शाळा होती. हे ओक्बाझगींच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. रस्ता ओलांडून चालणाऱ्याला समोरचं सगळं पाठ असतं. जेवणाची सुटी झाली, फाटक उघडलं, आणि स्वतःची सायकल भलत्या दुकानात बघून अब्रेहेत सरळ आत आली.

"आबोय? इथं कशी ही? वाळू ना?"

ओक्बाझगींनी खिशातून चष्मा काढला आणि दिवसाउजेडी, माणसांसमोर, नाकावर चढवला. त्यांना तिचा चेहरा पहिल्यांदाच इतका जवळून स्पष्ट दिसला. डोळ्यांखाली उन्हानं पडलेल्या बारीक रेषा होत्या.

"वाळू नव्हती," ते म्हणाले. "हे वाच. आणि हे."

तिनं वाचलं. फेस्सेहानं स्पोक तासायला घेतला, जो तासायची काही गरज नव्हती.

"म्हणजे दांडे..." ती म्हणाली.

"दांडे लहान-मोठे. तुझे पाय सारखे. पहिल्यापासून सारखे. काल तू आलीस तेव्हा मला ठाऊक होतं. नुकतंच कळलं होतं. तरी मी पाच म्हणालो."

"का?"

याचं उत्तर त्यांनी रात्रभर शोधलं होतं. तीन-चार चांगली उत्तरं सापडलीही होती. आता एकही आठवेना.

"लाज वाटली," ते म्हणाले.

अब्रेहेत बाकावर बसली. डावा बूट काढला. तळाचं चामडं घामानं काळं पडलं होतं. तिनं नखानं टाका शोधला आणि पट्टी ओढून काढली. टाके मजबूत होते. वेळ लागला. ओक्बाझगी मदतीला पुढे झाले, तशी तिनं बूट दुसऱ्या हातात घेतला.

"बाजारातल्या शिंप्यानं सांगितलं होतं मला," ती पट्टीकडे बघत म्हणाली. "विजारीचं माप घेताना. बाई, दोन्ही सारखे आहेत म्हणाला. मी त्याच्याशी भांडले. त्याला म्हटलं, तुला काय कळतंय, आबोय मेत्रोंनी सांगितलंय. डावा पाय आखूड शिवून घेतला. तीन विजारी आहेत तसल्या."

फेस्सेहाची कानस थांबली होती.

"आणि अर्ज मी काल पाठवला," ती म्हणाली. "लंगडी म्हणून. स्वतःच्या हातानं."

"मी त्यांना लिहितो," ओक्बाझगी म्हणाले. "माझ्या नावानं. सगळं लिहितो, धाग्यापासून."

"अर्जाची प्रत आहे का?" फेस्सेहानं मध्येच विचारलं. "जिबूतीत राहून फ्रेंच मला येतं. निदान काय शब्दांत गेलंय ते बघू, म्हणजे दुरुस्ती नीट लिहिता येईल."

प्रत तिच्या पिशवीत होती. फेस्सेहानं ती उजेडात धरली, त्या रकान्यापाशी आला आणि तिथंच थबकला. पेन्सिलीतलं वाचलं, छापलेलं वाचलं. खालचा ओठ दातात धरला.

"हा लेखनिक तुमच्याच क्लबचा ना, आबोय?"

"हो. का?"

"त्यानं बरोबरच लिहिलंय. तुमच्या भाषेत बरोबर. 'पायांची लांबी.'" त्यानं कागद बाकड्यावर ठेवला. "इथं क्रँकची लांबी विचारलीय. माणसाच्या पायाचा काही संबंध नाही."

अब्रेहेतनं प्रत ओढून घेतली. तिनं कळवलं होतं की तिच्या सायकलचा उजवा क्रँक सातशे नव्वद मिलिमीटर लांब आहे आणि डावा सातशे पंच्याऐंशी. एवढ्या मापाचा दांडा सायकलला लावला तर तो जमिनीत अर्धा मीटर खड्डा खणत चालेल.

फेस्सेहाला शेवटी हसू आलं. त्यानं ते कानसेवर काढलं. अब्रेहेत मात्र हसली नाही. एका पायात बूट, एका हातात पट्टी अशी ती रस्त्याकडे बघत बसली. मग पट्टी ओक्बाझगींच्या हातात दिली, बूट चढवला, आणि म्हणाली, "सायकल शाळा सुटल्यावर नेईन. फेस्सेहा, तूच बसव."

जाताना ती ओक्बाझगींना नमस्कार न करता गेली. ती सरळ चालत होती, ते चष्म्याच्या वरूनही स्वच्छ दिसत होतं. विजारीचा डावा पाय तेवढा घोट्याच्या वर होता.

दुरुस्तीचं पत्र ओक्बाझगींनी खरोखर लिहिलं, फेस्सेहानं त्याचं फ्रेंच केलं. त्यात धागा होता, मामा होता, मावशी होती, चष्मा होता. दोन पानं झाली. बारमध्ये त्यांनी मत मांडणं बंद केलं. लोकांनी काही दिवस विचारलं, मग त्यांनाही माकियातो नुसतं प्यायची सवय झाली. 'मेत्रो' मात्र कुणी सोडलं नाही. आता ते म्हणताना लोक थोडं आधी थांबत, एवढंच.

तीन आठवड्यांनी संघाचं उत्तर आलं. अब्रेहेतला जूनमध्ये सरावाला बोलावलं होतं. दुरुस्तीच्या पत्राचा उल्लेख नव्हता. खाली एक छापील ओळ होती: स्वतःची सायकल आणू नये, सायकली संघाच्या असतात आणि क्रँक सगळ्यांना एकशे सत्तरचेच.